ताटातील राजमा आणि रानातील त्याचे आप्त

रात्री भिजत घातलेला राजमा किंवा सातारा जिल्ह्यातील कोरेगाव भागाचा वाघ्या घेवडा आपल्याला घरचाच वाटतो. वस्तुतः या दोहोंचे मूळ घराणे अमेरिका खंडातील. मेक्सिकोच्या उत्तर भागापासून अर्जेंटिनाच्या वायव्येपर्यंत त्यांचे रानवेल आजही वाढतात. त्यांचे दाणे बारीक असतात. शेंगा वाळल्या की पीळ घेऊन उकलतात आणि बी दूर उडते.

सुमारे ८,००० वर्षांपूर्वी मेक्सिको व अँडीज पर्वत अशा दोन ठिकाणी माणसाने स्वतंत्रपणे या वेलींची लागवड आरंभली. मोठा दाणा आणि न उकलणारी शेंग यांसाठी मोजकेच वेल निवडले गेले. परिणामी पुष्कळ आनुवंशिक गुण रानातच मागे राहिले.

त्यांचे मोल भुंग्याने दाखवून दिले. साठवणीतल्या दाण्याला लागणाऱ्या भुंग्याविरुद्ध लागवडीच्या वाणांत पुरेसा प्रतिकार आढळेना. १९८०च्या दशकात मेक्सिकोतील रानघेवड्यात तो सापडला. दाण्यातील 'आर्सेलिन' हे प्रथिन त्याचे कारण होते. पैदासकारांनी संकराद्वारे तो गुण लागवडीच्या घेवड्यात आणला.

चराई आणि जंगलतोड यांमुळे एखाद्या उतारावरील रानवेल नाहीसे झाले, तर असे गुण कोणाला कळण्यापूर्वीच लोपतात. कोलंबियातील पाल्मिरा येथील बीजपेढीत घेवडावर्गाचे ३७,०००हून अधिक नमुने जपलेले आहेत. परंतु शीतगृहातील बी बदलत्या हवामानाशी जुळवून घेत नाही. ते रानातच घडते. म्हणून दोन्ही ठिकाणी जतन हवे.

उतारवयात स्नायूंचे बळ टिकवण्यास प्रथिने आवश्यक असतात, आणि राजमा हा त्यांचा स्वस्त स्रोत आहे. मात्र कच्च्या राजम्यातील लेक्टिन उलट्या व जुलाब घडवते. तो रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळून बोटांनी सहज चुरडेल इतका मऊ शिजवावा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण वैद्यांना विचारावे.

आपल्या घरी राखेत घोळून ठेवलेले घेवड्याचे जुने बी असेल, तर त्याचे नाव आणि पेरणीची वेळ चिठ्ठीवर लिहून ते नातवंडांच्या हाती सोपवा. पेरत राहिलेले बीच जगते.