कपाटातली पुस्तकं पारावर

बर्मिंगहॅमहून गाडीनं साधारण दीड तासावर हेरफर्ड हे गाव आहे. तिथल्या जुन्या कॅथेड्रलमध्ये एक ग्रंथालय आहे. सतराव्या शतकातली लाकडी कपाटं, त्यात हारीनं लावलेले जाडजूड ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला कपाटाच्या दांडीशी अडकवलेली लोखंडी साखळी! ग्रंथ समोरच्या फळीवर ठेवून तिथंच वाचायचा, घरी न्यायचं नाव नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही ते बघायला गेलो तेव्हा माझी मुलगी सात वर्षांची होती. तिनं विचारलं, ‘‘बाबा, यांना बांधून का ठेवलंय? चावतात का?’’

आम्ही हसलो. त्या काळी पुस्तकं फार महाग होती, चोरीला जायची भीती असायची, वगैरे समजावलं. पण त्याच डिसेंबरात आमच्या गावी गेलो आणि तिचा प्रश्न मला भलत्याच ठिकाणी आठवला.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. पावसाचा भरवसा नाही, ज्वारी-बाजरी आणि मेंढरं यांच्यावर चालणारा भाग. त्याच्या आदल्या वर्षी मी गावच्या शाळेसाठी एक बॅग भरून पुस्तकं नेली होती. त्याचं असं झालं की, इंग्लंडमध्ये उन्हाळ्याच्या सुटीत सार्वजनिक ग्रंथालयांत ‘समर रीडिंग चॅलेंज’ असतं. १९९९ पासून हा उपक्रम चालू आहे. मुलांनी आपल्या आवडीची सहा पुस्तकं वाचायची, ग्रंथालयात येऊन त्याबद्दल दोन शब्द बोलायचे, स्टिकर मिळवायचे आणि शेवटी पदक घ्यायचं. सगळं फुकट. लेकीला पदक मिळालं. त्याचा फोटो मी गावाकडच्या दादाला, म्हणजे माझ्या चुलत भावाला पाठवला. त्याचा मुलगा तिच्याच वयाचा. दादा म्हणाला, ‘‘आमच्याकडं पोरं वाचत्यात ती फकस्त धडं.’’ ते वाक्य मला लागलं. मग काय, ओळखीच्या आठ-दहा घरांतून मुलांची जुनी पुस्तकं जमवली, तेवीस किलोची बॅग भरली आणि गावी नेली. शाळेत छोटा कार्यक्रम झाला. नारळ, शाल, फोटो. मी खूश, सगळे खूश.

वर्षानं परत गेलो, तर पुस्तकं जशीच्या तशी. लोखंडी कपाटात, कुलूपबंद. काहींच्या आत तर ग्रंथालयाच्या जुन्या पावत्या तशाच होत्या. मी जरा चिडूनच गुरुजींना विचारलं. त्यांनी शांतपणे मला रजिस्टर दाखवलं. शाळेला मिळालेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉकमध्ये नोंदवायची असते. खुर्ची, घंटा, वजनकाटा, तशीच पुस्तकं. ‘‘तपासणीत एखादं कमी भरलं, तर भरून कोण देणार? चार वर्ग, दोन शिक्षक. त्यात पोषण आहार, ऑनलाइन माहिती, मीटिंगा. आणि साहेब, खरं सांगू का, ही पुस्तकं वाचणार कोण? मलाच अडखळायला होतं.’’

कपाट उघडून त्यांनी एक पुस्तक माझ्या हातात दिलं. बर्फाचा माणूस, शेकोटी, मोजे, टोस्टवरचा जॅम. सगळं इंग्रजीत. दुसरी-तिसरीच्या, घरी माणदेशी बोलणाऱ्या मुलांसाठी मी हे तेवीस किलो वजन सात हजार किलोमीटर वाहून आणलं होतं! गुरुजींचं काही चुकलं नव्हतं. फाटायच्या भीतीनं त्यांनी कुलूप लावलं होतं, पण कपाट उघडं असतं तरी फार फरक पडला नसता. मी पुस्तकं नेली होती, मुलांचा विचार नेला नव्हता.

आपल्याकडे खेड्यांतल्या मुलांचं वाचन कसं आहे, हे ‘असर’ हा अहवाल २००५ पासून सांगतो आहे. कार्यकर्ते घरोघरी जाऊन मुलांसमोर एक कागद धरतात. त्यावर अक्षरं, शब्द, एक छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या शंभरातल्या जेमतेम ४३ मुलांना ती गोष्ट वाचता आली. २०२४ मध्ये आकडा सुधारला, तरी निम्म्याच्या आतच राहिला. म्हणजे पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना साधी गोष्टही नीट वाचता येत नाही. ज्याला वाचताना दम लागतो, त्याला ‘वाचाल तर वाचाल’ असं सांगून काय उपयोग? त्याला आधी गोष्टीची चटक लागायला हवी.

हे बोलणं रात्री जेवताना चाललं होतं. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, ‘‘भावजी, शाळंचं सोडा. मारुतीच्या पारावर पोरं रोज संध्याकाळी हुंदडत असत्यात. मी बसते तिथं घटकाभर. तुम्ही मराठी पुस्तकं द्या, चित्राची. आन् फाटली तर बोलायचं न्हाई, एवढं कबूल करा.’’ वहिनी बारावी झालेली. शिकायचं राहून गेल्याची खंत तिच्या मनात कायम होती, ती त्या दिवशी कामाला आली.

साताऱ्याला जाऊन साठ पुस्तकं आणली. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं, प्रथम बुक्सची पातळ, स्वस्त पुस्तकं, बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे अंक. ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांप्रमाणे लावलेल्या आहेत. त्या उतरवून घ्यायला, छापायला परवानगी आहे. पुस्तकांच्या या दुनियेचा मला इतक्या वर्षांत पत्ताच नव्हता.

कपाट नव्हतंच. पिंपळाच्या बुंध्यापासून देवळाच्या खांबापर्यंत वहिनीनं सुतळी बांधली आणि वाळत घातलेल्या कपड्यांसारखी पुस्तकं चिमट्यांनी लटकवली. मुखपृष्ठ दिसलं पाहिजे, आणि पहिलीतल्या पोराचा हात पोचला पाहिजे, एवढंच. नियम तीन. हात धुऊन यायचं. हवं ते घरी न्यायचं, वहीत स्वतः नाव लिहायचं. फाटलं तर लपवायचं नाही, आणून चिकटवायचं. त्यासाठी खळीचा डबा कायम पारावर.

पहिले कितीतरी दिवस कुणी वाचलंच नाही. पोरं चित्रं बघायची, पुस्तक उलटं धरायची, ओढाओढी करायची. दादा म्हणायचा, ‘‘पैसं पाण्यात.’’ वहिनी मात्र रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचायची, अक्षराखाली बोट फिरवत, आवाज बदलत. पोरं तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागायची. पाठ झालेली गोष्ट पुस्तकात शोधता शोधता त्यांना अक्षरं सापडायला लागली.

त्यात एक मेंढपाळाचा मुलगा होता. आमच्या भागातले मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरून कोकणाकडं जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यामुळं हा मुलगा शाळेत असायचा जून ते दिवाळी. तिसरीत होता, पण जोडाक्षर आलं की गप्प. पारावर तो लांब बसायचा. एकदा वहिनीच्या वाचनात मेंढीचं चित्र आलं, तर हा एकदम बोलला, ‘‘काकी, अशी मेंढी नसती. हिचं कान चुकल्यात.’’

वहिनीनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, ‘‘मग कशी असती, सांग की.’’ त्यानं सांगितलं. रात्री वाड्यावर लांडगा आला तेव्हा कुत्री कशी भुंकली, कोकरू कसं हरवलं, आजीनं ते कसं शोधलं. वहिनीनं त्याच्याच बोलीत, एक शब्द न बदलता, पानावर एक-दोन वाक्यं असं लिहून घेतलं. चित्रं त्यानं काढली, कान बरोबर असलेल्या मेंढीची. सुई-दोऱ्यानं टाचून ते पुस्तक सुतळीवर टांगलं. आणि गंमत म्हणजे, विकतच्या साठ पुस्तकांपेक्षा त्याच पुस्तकाला जास्त मागणी! स्वतः सांगितलेलं असल्यामुळं तो मुलगा ते घडाघडा वाचायचा. जोडाक्षरांसकट.

गावातल्या एका आजोबांनी तक्रार केली, ‘‘असली अशुद्ध भाषा पोरांना शिकवता व्हय?’’ पण हा काही वहिनीचा शोध नव्हता, आणि चुकीचा तर मुळीच नव्हता. न्यूझीलंडमधल्या शिक्षिका सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना असंच त्यांच्या स्वतःच्या शब्दांतून वाचायला शिकवलं. १९६३ मध्ये आलेलं त्यांचं ‘टीचर’ हे पुस्तक मराठीतही आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम केलं. शंख-शिंपले, बिया, पानं हीच त्यांची शैक्षणिक साधनं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. मूल जिथं आहे तिथून सुरुवात करायची, हे आपल्याच मातीत कुणीतरी करून ठेवलंय. प्रमाण भाषा पुढं येतेच. आधी ‘माझं बोलणंही लिहिता येतं’ हे कळू दे.

गेल्या दिवाळीनंतर त्या मुलाचा वाडा निघाला. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो पारावर आला आणि सुतळीवरच्या एका पुस्तकाकडं बघत उभा राहिला. मागितलं नाही. वहिनीनंच चिमटा काढला आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं. वहीत त्यानं नाव लिहिलं, तारीख लिहिली. बाकीच्या बायका म्हणाल्या, ‘‘गेलं आता त्ये पुस्तक.’’ वहिनीनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मलाही मनातून तसंच वाटलं. सात महिने, उघड्यावर मुक्काम, रोजची चाल. साखळी लावणाऱ्यांचं मन असंच असणार, नाही का?

मधल्या काळात, मे महिन्यात, वहिनी पंधरा पोरांना जीप करून भिलारला घेऊन गेली. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ रोजी देशातलं पहिलं ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून जाहीर झालं. सुरुवातच २५ ठिकाणी झाली. लोकांची राहती घरं, देऊळ, शाळा, सगळीकडं मिळून पंधरा हजारांच्या आसपास मराठी पुस्तकं. कुणीही जावं, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचावं. पोरं दिवसभर या घरातून त्या घरात फिरली. परतताना एकीनं विचारलं, ‘‘काकी, हितं बी कुलूप न्हाई?’’

जूनमध्ये मेंढरं परत आली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा पारावर हजर. पुस्तकाचं मुखपृष्ठ गेलं होतं, एक कोपरा कोकरानं चघळलेला, पानांना मेंढरांचा वास. पण पानं सगळी होती. चिखलातल्या वाटांवरून, घाटातून ते पुस्तक दोनदा सह्याद्री ओलांडून आलं होतं. आई सांगत होती, रात्री मोबाईलच्या उजेडात हा लहान भावंडांना आणि आजीला तेच वाचून दाखवायचा. अजून तो अडखळतो. चौथीच्या बाकीच्या मुलांच्या मागंच आहे. गुरुजींनी वाचायला दिलेला नवा उतारा मात्र त्यानं बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. गुरुजींनी त्याच आठवड्यात शाळेतलं कपाट उघडलं. माझी इंग्रजी पुस्तकंही आता चित्रं बघून स्वतःची मराठी गोष्ट रचायच्या खेळाला वापरतात. बर्फाच्या माणसाचा तिथं पिठाचा माणूस झाला आहे!

आम्हीही दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पारावर हजर असतो. इथले सकाळचे अकरा म्हणजे तिथले साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. माझी मुलगी एक मराठी पान वाचते आणि चाळीस पोरं एका सुरात तिचा ‘ळ’ दुरुस्त करतात. आम्ही घरी तीन वर्षं सांगून जे जमलं नव्हतं, ते त्यांनी सहा रविवारांत करून दाखवलं. मदत नेमकी कोण कुणाला करतंय, हा प्रश्नच आहे.

परदेशातल्या आपल्यापैकी अनेकांना गावासाठी काही करावंसं वाटतं. माझ्या चुकांवरून चार गोष्टी सांगतो. इथून पुस्तकं वाहून नेऊ नका, तिथल्या जवळच्या शहरातून मराठी पुस्तकं घ्या. जाडजूड संचांपेक्षा पातळ, चित्रांची, भरपूर. जेवढा खर्च पुस्तकांवर, तेवढा ती वाचून दाखवणाऱ्या माणसावर करा. वहिनीला आम्ही तिघे मित्र मिळून दरमहा मानधन देतो, ते घ्यायला ती आधी तयार नव्हती. संस्थेमार्फत मदत करणार असाल आणि तुमचं नागरिकत्व परदेशी असेल, तर परकीय योगदान कायद्याखाली त्या संस्थेची नोंदणी आहे का, हे आधी विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुस्तकं फाटणार हे धरूनच चाला. आमच्या साठांपैकी अकरा आता वाचण्याच्या पलीकडं गेली आहेत. त्या अकरा पुस्तकांचा मला फार अभिमान वाटतो.

आता दिवाळी जवळ आलीय. वाडा पुन्हा निघेल. परवाच्या कॉलवर तो मुलगा स्क्रीनसमोर आला, जरा घुटमळला आणि म्हणाला, ‘‘काका, अवंदा दोन नेऊ का? एक लवकर संपतंय.’’