चौकाखाली सही नाही

दोन काळांत उलगडणाऱ्या, बायका आणि चित्रकलेभोवतीच्या रहस्यकादंबरीचं कथानक हवं असेल, तर भिवंडीहून वाड्यामार्गे डहाणूकडे, वारली पाड्यांवर जावं.  

जुना काळ लग्नघरातला. सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. मधोमध पालघाट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाण्यांतून देवांना बोलावते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. पुढे भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं, आणि लिहिणारीचा मागही गेला.

दुसरा काळ १९७०च्या दशकातला. चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन पाड्यांवर आले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे रोज चित्रं काढू लागले, जगभर पोचले; २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा मान रास्तच. पण ज्या बायकांच्या हातून ही रेषा पिढ्यान्‌पिढ्या आली, त्यांतल्या बहुतेकींची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. माझ्या मते खरं रहस्य तेच आहे, आणि त्याचा शोध घेणारी कादंबरी मराठीत यायलाच हवी.