चार तळहातांएवढी जमीन

नागपूरहून वर्ध्याला जाताना बुटीबोरी मागे पडते, शेतं सुरू होतात आणि वर्धा पंचवीसेक किलोमीटरवर राहिलं की केळझर लागतं. टेकडीवरच्या सिद्धिविनायकासाठी दूरदूरची माणसं इथे थांबतात. लोकपरंपरा या गावाला महाभारतातली एकचक्रानगरी मानते. बकासुरासाठी अन्नाने भरलेला गाडा घेऊन भीम निघाला तो इथूनच, असं गावकरी सांगतात. आज याच वाटेवरून दीडशे अश्वशक्तीच्या गाड्या धावतात. त्यांच्यासाठी वर्धा जिल्ह्याचा हा पट्टा म्हणजे एक परीक्षाच आहे. सेलू तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तिथून उतरून गावाकडे वळलं की कापसाच्या काळ्या मातीवर बांधलेले रस्ते लागतात. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर लाटांसारखं वरखाली होतं. त्यात गावोगावचे गतिरोधक, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास.

स्पोर्ट्स कारचा खरा कस लागतो तो इथे.

स्पोर्ट्स कार म्हटलं की डोळ्यांसमोर पोर्शे किंवा फेरारी येते. महाराष्ट्रातल्या तरुणांचा हा नाद मात्र बऱ्याच अंशी पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या गाड्यांवर पोसला गेला. फोक्सवॅगनची पोलो तिथे २००९पासून २०२२पर्यंत बनली. तिची जीटी टीएसआय ही १०५ अश्वशक्तीची आवृत्ती शौकिनांची लाडकी होती. आता तिथूनच दीडशे अश्वशक्तीची व्हर्टस जीटी येते. मर्सिडीजच्या एएमजी या वेगवान घराण्यातली भारतात जोडलेली पहिली गाडीही २०२०मध्ये चाकणलाच तयार झाली. लागणारं सामानही घरचंच आहे. ब्रिजस्टोन चाकणमध्ये मोटारींचे टायर बनवते, गॅब्रिएल तिथेच शॉकअब्सॉर्बर बनवते, आणि केळझरजवळच्या बुटीबोरीत सिएटचा दुचाकींच्या टायरांचा कारखाना आहे.

अशी गाडी हातात आली की काही दिवसांतच मालकाला वाटू लागतं की ती वळणावर अजून चिकटून चालायला हवी. मग तो दुकानात जातो. तिथे रुंद टायर, मोठे अलॉय, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि कडक शॉकअब्सॉर्बर मांडून ठेवलेले असतात. यातलं आधी काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि काय अजिबात घ्यायचं नाही, हे कळायला गाडी जमिनीला नेमकी कुठे भेटते ते पाहावं लागतं.

मोटारीचा एक टायर कोणत्याही क्षणी जमिनीला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या भागावर. असे चार तळहात. वेग वाढवणं, वळणं, थांबणं हे सगळं त्या चार तुकड्यांतूनच घडतं. इंजिन कितीही ताकदवान असो, ब्रेक कितीही मोठे असोत, तळहाताची पकड सुटली की त्यांना काही करता येत नाही. शिवाय ही पकड वाटून घ्यावी लागते. वळणावर टायर आपली जवळजवळ सगळी ताकद गाडीला वळवण्यात खर्च करत असतो. त्याच वेळी चालकाने जोरात ब्रेक दाबला, तर तो ब्रेकसाठी लागणारी पकड आणणार कुठून? म्हणूनच अनुभवी चालक ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच लावतो.

टायर किती मोलाचा, हे साऱ्या जगाने १९ जून २००५ रोजी पाहिलं. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला फॉर्म्युला वन शर्यत होती. तिथल्या तेराव्या, कललेल्या वेगवान वळणावर मिशेलिनचे टायर भार सोसत नाहीत, हे सरावातच दिसलं होतं. शर्यतीच्या दिवशी सुरुवातीची संथ फेरी मारून मिशेलिनच्या चौदा गाड्या सरळ गॅरेजमध्ये परतल्या. ब्रिजस्टोनवर चालणाऱ्या फक्त सहा गाड्या शर्यतीत उतरल्या. त्यांपैकी एकीत आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. जगातली सर्वोत्तम इंजिनं त्या दिवशी झाकून ठेवावी लागली, ती टायरांमुळे.

रोजच्या रस्त्यावर हाच फरक मीटरमध्ये मोजता येतो. टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीला शास्त्रात घर्षणांक म्हणतात. चांगल्या कोरड्या रस्त्यावर साध्या टायरचा तो ०.८च्या आसपास धरला, तर ताशी १०० किलोमीटरवरून गाडी थांबायला सुमारे ४९ मीटर लागतात. मऊ रबराच्या, स्पोर्ट्स गाड्यांसाठीच्या टायरने तो १ झाला, तर ३९ मीटर पुरतात. ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरने तो ०.५वर आला, तर जवळजवळ ७९ मीटर. चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. वळणाचंही तसंच आहे. ५० मीटर त्रिज्येचं जे वळण साधा टायर फार तर ताशी ७१ किलोमीटरने पेलेल, तेच चांगला टायर ८०च्या आसपास पेलतो. स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर काही न बदलता, फक्त टायर बदलून.

चांगला टायर ओळखायचा कसा? बहुतेक माहिती त्याच्या कडेवरच कोरलेली असते. व्हर्टस जीटीच्या टायरचं माप २०५/५५ आर १६ आहे. २०५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ५५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. पुढे ९१ व्ही असेल, तर एक टायर ६१५ किलो भार आणि ताशी २४० किलोमीटर वेग सोसेल असा अर्थ होतो. एका छोट्या चौकटीत चार आकडे असतात. तिथे २३२४ दिसलं, तर टायर २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. रबर वयानुसार कडक होतं आणि पकड सोडतं. म्हणून नक्षी शिल्लक असलेला जुना टायर नव्यासारखा धरत नाही.

आता रुंद टायरचा मोह. १६ इंची रिमवरच्या २०५/५५ ऐवजी १७ इंची रिमवर २२५/४५ चढवला, तर चाकाचा एकूण व्यास ६३२ मिलिमीटरवरून ६३४ होतो, म्हणजे जवळपास तेवढाच राहतो. स्पीडोमीटर चुकत नाही. कडेची उंची मात्र ११३ मिलिमीटरवरून १०१वर येते. कड लहान झाली की ती वळणावर कमी वाकते, आणि स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते. हा फायदा खरा आहे. त्याची किंमतही खरी आहे. कड हीसुद्धा एक स्प्रिंगच असते. ती आखूड झाली की खड्ड्याचा दणका थेट रिमवर बसतो. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, कारण त्याला एका वेळी जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. विदर्भातल्या पावसात हे विसरून चालत नाही. म्हणून बऱ्याच गाड्यांसाठी शहाणपणाचा पर्याय एकच: माप कंपनीचंच ठेवायचं आणि त्याच मापात उत्तम रबराचा टायर घ्यायचा. तो लवकर झिजतो, महागही पडतो, पण फरक पहिल्याच वळणावर कळतो.

मग सस्पेन्शनचं, म्हणजे स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बरांचं, काम काय? ते चार तळहात सतत जमिनीला टेकवून ठेवणं. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, हे आत बसलेल्यालाही जाणवतं. हिशेब सोपा आहे. गाडी १२०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर दीड मीटर, आणि वळणावर बाजूला ढकलणारा जोर तिच्या वजनाच्या ०.८ पट. अशा वेळी ३२० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. आत २८० किलो उरतात, बाहेर ९२० होतात. टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे भार जितका एका बाजूला सरकेल तितकी चारही चाकांची एकूण पकड घटते.

इथे पुष्कळांची फसगत होते. कडक स्प्रिंगा टाकल्या की गाडी कमी कलते, आणि मालकाला वाटतं की भारही कमी सरकत असेल. तसं होत नाही. एकूण किती भार सरकेल हे गुरुत्वमध्याची उंची, चाकांतलं अंतर आणि वळणाचा जोर ठरवतात. स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं रोखणारी दांडी) फक्त एवढं ठरवतात की त्या भारातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. पुढची बाजू फार कडक झाली, तर पुढचे टायर आधी हार मानतात आणि गाडीचं नाक वळणाबाहेर जाऊ लागतं. मागची बाजू फार कडक झाली, तर शेपूट सुटते. पोलोसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं नाक बाहेर जाण्याकडेच झुकतं. म्हणून जाणकार तिचा मागचा अँटी-रोल बार थोडा कडक करतात आणि दोन्ही टोकं तोलतात.

गाडी खाली बसवण्याचंही असंच. वरच्या उदाहरणातला गुरुत्वमध्य ३० मिलिमीटरने खाली आणला, तर सरकणारा भार ३२० किलोवरून ३०१वर येतो. फायदा जेमतेम ६ टक्क्यांचा. त्यासाठी सस्पेन्शनची वरखाली होण्याची जागा ३० मिलिमीटरने जाते आणि गतिरोधकावर पोट घासतं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र बसवलेला खांब) असलेल्या गाड्यांमध्ये, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तोच असतो, जास्त खाली बसवल्यावर खालच्या आर्मचे कोन बिघडतात. मग गाडी कलण्याचा ओढा उलट वाढू शकतो. शर्यतीच्या गुळगुळीत ट्रॅकवर तरीही हे परवडतं. केळझरच्या वाटेवर परवडत नाही.

या वाटेवर सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो शॉकअब्सॉर्बर. काळ्या मातीवरच्या रस्त्यावर दर वीस मीटरला एक लाट आहे असं धरू. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला जवळपास १.४ लाटा ओलांडते. साध्या मोटारीचा सांगाडा स्प्रिंगांवर आपसूक हलतो तोही सेकंदाला एक ते दीड वेळा. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसं इथे होतं. प्रत्येक लाट आधीच्या उसळीत भर घालते, गाडी तरंगू लागते, टायरवरचा भार क्षणात वाढतो आणि क्षणात नाहीसा होतो. ही उसळी जिरवण्याचं काम शॉकअब्सॉर्बरचं. त्याच्या आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलत तो हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलतो. तो थकला असेल, तर उत्तम टायरचीही पकड पुन्हा पुन्हा सुटते. गाडीच्या कोपऱ्यावर जोर देऊन सोडावं. ती एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक. डोलत राहिली, तर आधी कंपनीच्या तोडीचे नवे शॉकअब्सॉर्बर आणि झिजलेले बुश बदलावेत. स्पोर्ट्स किटचा विचार त्यानंतर.

सगळ्यांना लागू पडेल असं एकच सस्पेन्शन नसतं, हे महाराष्ट्रातल्या शर्यतींतही दिसतं. कोल्हापूरची मुलं ज्यावर शर्यतीचे पहिले धडे गिरवतात त्या गो-कार्टला सस्पेन्शनच नसतं. तिचा सांगाडा थोडा पिळवटतो आणि बाकी सगळं टायर सांभाळतात. सपाट ट्रॅकवर तेवढं पुरतं. नाशिक परिसरातही राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाच्या फेऱ्या झाल्या आहेत. रॅलीच्या मातीच्या वाटांवर उलटं गणित चालतं: गाडी उंच, सस्पेन्शनची हालचाल लांब, टायरांवर ठोकळ्यांची खोल नक्षी. दोन्हीकडचे चालक वेगवानच. रस्ता बदलला की गाडीची बांधणी बदलते.

कायद्याचं भानही ठेवायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीच्या वेळी असलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९च्या निकालात ते ठामपणे सांगितलं. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असलीच पाहिजे. २०२३मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर जाणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला घेतले आणि गुळगुळीत टायरांच्या गाड्या परत पाठवल्या.

उन्हाळ्यात हवेबाबतचा एक गैरसमज जिवावर बेततो. टायर तापून फुटेल म्हणून अनेक जण हवा कमी भरतात. प्रत्यक्षात हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेरीला जास्त चेपला जातो, त्या चेपण्यानेच आतून तापतो आणि फुटण्याची शक्यता वाढते. टायरमधल्या हवेचं तापमान ३० अंशांनी वाढलं की ३२ पीएसआयचा दाब आपोआप साडेछत्तीसच्या आसपास जातो. कंपनीने हे धरूनच आकडा दिलेला असतो. म्हणून तापलेल्या टायरची हवा काढू नये.

समृद्धीवर चढण्याआधीच्या सकाळी, गाडी थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरून घ्या. चारही टायरांची नक्षी आणि बनल्याचा आठवडा पाहा. दोनच नवे टायर घेणार असाल, तर ते मागे लावा, कारण मागची चाकं सुटली की गाडी सावरणं फार अवघड असतं. व्हील अलाइनमेंट करून घ्या. हे सगळं झाल्यावरही गाडी वळणावर कमी पडतेय असं वाटलं, तर त्याच मापाचे अधिक चांगले टायर घ्या आणि महिनाभर आपल्या नेहमीच्या वाटेवर चालवा. स्प्रिंगांचे पैसे तोवर खिशातच राहू द्या.