इंजिन बनवून घ्यावे की बदलावे?

लोणावळ्याजवळच्या औंढे गावात राहणारा एक तरुण गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या दुकानी आला. त्याच्याकडे ‘छोटा हत्ती’ आहे, म्हणजे टाटा मोटर्सने २००५ साली बाजारात आणलेला दोन सिलिंडरचा, ७०२ सीसीचा डिझेल टेम्पो. जुनाच विकत घेतलेला. बंगल्यांच्या बांधकामावर फरशी-सिमेंट पोचविणे आणि अधूनमधून भिवंडीहून आमचे कापडाचे गठ्ठे आणणे, यावर त्याचे घर चालते. घाट चढताना गाडी तापली आणि त्या दिवसापासून धूर मारू लागली. एक मिस्त्री म्हणाला, इंजिन खोलून बनवून टाकू. दुसरा म्हणाला, त्यात पैसे घालू नकोस, कुर्ल्याहून दुसरे इंजिन आणून बसव. तिसरे गृहस्थ कर्ज मिळवून देणारे. त्यांनी सांगितले की ही गाडी काढून टाक, नवीन घे, हप्ते मी बांधून देतो.

‘‘चाचा, तिघे तीन बाजूंना ओढतात. मी कोणाचे ऐकू?’’

‘‘बेटा, तिघांपैकी इंजिन उघडून माप कोणी घेतले?’’ आम्ही विचारले. कोणीच घेतले नव्हते.

आम्ही कापडवाले, मिस्त्री नव्हे. पण माल वाहणाऱ्या गाडीच्या बाबतीत आमचेही हात एकदा पोळले आहेत, आणि आमच्या वाचकांत टेम्पो, रिक्षा, जीप बाळगणारे कारागीर-व्यापारी पुष्कळ आहेत. म्हणून जाणत्या मिस्त्र्यांकडे बसून जे समजून घेतले ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट, धूर पाहून इंजिनाचा निकाल लावू नये. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा झिजल्या असतील, पण नुसत्या व्हॉल्व्हच्या सीलही खराब असू शकतात, आणि त्या दोन कामांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तेथे नोझल, पंप किंवा तुंबलेला एअर फिल्टर पाहावा. इंजिनाला हात लावण्याचे कारणही पडत नाही. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर राहत असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे. ऑइलची दांडी काढून पाहावी. ऑइल चहात दूध घातल्यासारखे दिसले तर हेड गॅस्केट गेले, किंवा हेडला अथवा ब्लॉकला तडा गेला, असे समजावे.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सैल करा. आतून भकाभका धूर आणि दाब येत असेल तर रिंगांच्या बाजूने हवा खाली गळते आहे. त्यानंतर कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. पेट्रोल इंजिनात कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. डिझेलमध्ये मात्र हा प्रयोग नवख्याने करू नये. तेथे वरची जागा फार लहान असते, ऑइल दबत नाही आणि इंजिनाला इजा होते.

खालून ठोकल्याचा आवाज येत असेल आणि गरम झाल्यावर ऑइलचा दिवा विझत नसेल, तर गाडी तेथेच बंद करावी. ‘गॅरेजपर्यंत जाईल’ म्हणून ओढत नेणाऱ्याचे बेअरिंग जाते, मग क्रँक जातो, आणि शेवटी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. टोइंगचे चार पैसे वाचविण्याच्या नादात चांगले बनण्यासारखे इंजिन भंगारात गेलेले आम्ही पाहिले आहे. मावळच्या पावसातला दुसरा धोका म्हणजे ओढ्याच्या पाण्यात गाडी घालणे. हवेच्या वाटेने पाणी आत गेले आणि गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दबत नाही, रॉड वाकतो.

माप काय सांगते

एवढ्या तपासणीनंतरही शंका राहिली तर हेड उतरवावे. येथून पुढे मिस्त्रीचे बोलणे बाजूला ठेवून लेथवाल्याच्या हातातील मायक्रोमीटरचे ऐकावे. सिलिंडरचे माप वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवे-उभे असे दोन वेळा घेतात. झीज सर्वांत जास्त वरच्या बाजूला, जेथे पहिली रिंग वळते तेथे होते, म्हणून वर आणि खाली माप वेगळे येते. क्रँकची जर्नल मोजतात, हेड सरळ पट्टीवर धरून वाकले आहे का ते पाहतात आणि दाब देऊन तडा शोधतात.

बोअर वाढविण्याचे ठरावीक टप्पे असतात : साधारण पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण आणि एक. क्रँकही असाच पाव-पाव मिलिमीटरने घासून त्याला अंडरसाइज बेअरिंग बसवतात. कोणत्या इंजिनाला कुठवर जाता येते, ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. कपड्याच्या शिवणीत जसा वाढवायला दाब ठेवलेला असतो, तसेच हे आहे. दाब संपला की शिंपी काही करू शकत नाही. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारावा, की या इंजिनाचा बोअर आधी किती वेळा झाला आहे? पिस्टनच्या डोक्यावर साइज कोरलेला असतो. ‘स्टँडर्ड’ असेल तर अजून सर्व टप्पे शिल्लक आहेत. शेवटच्या टप्प्यावर आले असेल तर लायनर टाकणे किंवा दुसरा ब्लॉक घेणे, एवढेच उरते. काही इंजिनांत लायनर मुळातच बदलता येण्यासारखे असतात. तेथे ब्लॉक शाबूत असला तर काम सोपे होते.

तेव्हा आमचा ठोकताळा असा : ब्लॉक तडकलेला नाही, बोअरला वाव आहे आणि क्रँक घासून मापात बसतो, तर इंजिन बनवून घ्यावे. ब्लॉक फुटला, किंवा क्रँक आणि बोअर दोन्ही शेवटच्या मापावर आले, तर बदलावे. मधल्या अवस्थेत हिशेब करावा.

बनवायचे ठरले तर अर्धे काम करू नये. आमचा हात पोळला तो येथेच. ब्लॉक लंबगोल झालेला असताना पैसे वाचविण्यासाठी आम्ही एका गॅरेजात फक्त रिंगा बदलून घेतल्या. गोल रिंग लंबगोल भोकात बसणार कशी? चार महिन्यांत पहिल्यापेक्षा जास्त धूर सुरू झाला आणि तेच इंजिन दुसऱ्यांदा उतरवावे लागले. दुसरी गोष्ट, पिस्टन आधी विकत घ्यावेत आणि लेथवाल्याच्या हाती द्यावेत. तो पिस्टन मोजून त्यानुसार बोअर करील. आधी बोअर आणि मागाहून पिस्टन म्हणजे पाय न मोजता जोडा शिवणे. उतरवलेले सर्व जुने भाग मागून घ्या आणि नव्या भागांचे पक्के बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे; बिल नको म्हणून तो वाचवणाऱ्याला पुढे भाग खराब निघाल्यास तक्रार करायला जागा राहत नाही.

दुसरे इंजिन घेताना

बदलण्याचे तीन मार्ग आहेत. कंपनीचे नवे इंजिन महाग, पण निर्धोक. दुसरा मार्ग, जुने इंजिन जमा करून कंपनीनेच बनविलेले इंजिन घेणे. टाटा मोटर्सची ‘प्रोलाइफ’ या नावाची अशी योजना आहे. नवखा माणूस या मार्गाची चौकशीच करीत नाही, ती आधी करावी. तिसरा मार्ग कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून मोडलेल्या गाडीचे इंजिन आणणे. ते स्वस्त पडते आणि कधीकधी खरोखर चांगले निघते. पण रंग मारलेले इंजिन पाहून सौदा करू नये. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वर सुके आणि आत ओले निघाले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकली आहे. इंजिनाच्या बाबतीत हात घालण्याचे काम गिऱ्हाइकाने स्वतः करावे : चालू करून ऐकावे, गेज लावावा, ऑइल पॅन उतरवून आत धातूचा कीस पडला आहे का ते पाहावे.

मग कागद. इंजिनाचा नंबर आर.सी.वर असतो. इंजिन बदलले की मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे चौदा दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला कळवून नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. शहाणा माणूस इंजिन बसविण्याच्या आधीच कचेरीत विचारून घेतो; मावळातील गाड्यांसाठी ही कचेरी पिंपरी-चिंचवडची, एमएच-१४. विकणाऱ्याकडून बिल आणि इंजिन ज्या गाडीतून निघाले तिचे कागद घ्यावेत. नंबर घासलेले इंजिन फुकट मिळाले तरी घेऊ नये. ते चोरीचे निघाले तर विकणारा सापडत नाही, बसविणारा सापडतो. शिवाय देशभरात १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही धुराची मानके लागू झाली. मागच्या-पुढच्या पिढीचे इंजिन ओढूनताणून बसवले तर वायरिंगपासून पासिंगपर्यंत सगळीकडे अडते. त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन शोधावे.

आता हिशेब. दुकानदार मालाची किंमत पाहून थांबत नाही, तो माल किती दिवस टिकेल हे पाहतो. समजा, इंजिन नीट बनविण्याचा खर्च ५० हजार आणि ते तीन वर्षे बिनघोर चालेल. महिन्याला १,४०० रुपयांच्या आत पडले. समजा, जुने इंजिन ३५ हजारांत मिळाले, पण भरवसा वर्षाचाच. महिन्याला २,९०० च्या वर गेले. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. आपल्या गावचे भाव विचारून आपण घालावेत. त्यात गाडी उभी राहण्याचे दिवसही धरावेत. लेथवर पाळी लागते, भाग मागवावे लागतात. बसवायला तयार इंजिन असेल तर गाडी लवकर रस्त्यावर येते, आणि ऐन हंगामात याची किंमत मोठी असते.

इंजिनाच्या आधी चासीकडेही पाहावे. लोणावळ्याच्या पावसात लोखंड आतून खाल्ले जाते. चासी कुजलेली असेल तर नवे इंजिनही तिला तारणार नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांची फीही पुष्कळ वाढली आहे. हप्त्याने नवीन गाडी घेण्यात व्याजाचा प्रश्न येतो. त्याचा मसला आलिमांना विचारावा. आम्ही एवढेच म्हणू, की चांगल्या चासीची गाडी घरात असताना एका इंजिनापायी पाच वर्षांचे व्याज गळ्यात घेण्यापूर्वी माप तरी घ्यावे.

त्या तरुणाने माप घेतले. हेड वाकले होते, पण तडा नव्हता. पिस्टन स्टँडर्ड निघाले, क्रँक मापात होता, चासी ठीक. अर्ध्या मिलिमीटरचा बोअर, नवे पिस्टन-रिंगा, हेडचे फेसिंग आणि बेअरिंग, एवढ्यावर भागले. पण लेथवाल्याने विचारलेला एक प्रश्न आम्हाला फार आवडला : गाडी तापली का? रेडिएटर खोलला तर अर्धा गाळाने बंद. तो तसाच ठेवला असता तर बनवलेले काय आणि बदललेले काय, दोन्ही इंजिने त्याच घाटात तापली असती.

पहिले हजार किलोमीटर माल निम्मा, वेग बेताचा आणि ऑइल लवकर बदलायचे, असे त्याला बजावले होते. त्याने ते इतके मनावर घेतले, की पुढच्याच आठवड्यात आमचे गठ्ठे खोपोलीहून घाट चढवून आणण्यास साफ नकार दिला. आम्ही दुसऱ्या टेम्पोने माल मागविला.