अकरा ते पाच आणि त्यानंतरचे तास

१८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तेव्हा टिळकांच्या गटाने तिच्या अभ्यासक्रमावर टीका केली हे बहुतेकांना ठाऊक असते. अकरा ते पाच या वेळेवरही त्यांचा रोख होता, हे मात्र क्वचित सांगितले जाते. मुलगी इतका वेळ घराबाहेर राहिली तर घरकाम शिकणार कधी, हा त्यामागचा प्रश्न. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांतल्या स्त्रीशिक्षणाच्या वादांची किल्ली मला या वेळापत्रकात दिसते. मुलीने काय वाचावे यावर तडजोड होऊ शकत होती. ती कुणाच्या नजरेखाली जेवते-निजते यावर होणे अवघड होते. म्हणून त्या काळच्या मुलींच्या निवासी शाळांकडे पाहताना वर्गापेक्षा वसतिगृहाकडे आधी पाहावे लागते.

विधवा मुलीला तर दुसरा मार्गच नव्हता. स्वयंपाकघरात दिवसभर राबणारी, केशवपन झालेली, मंगलकार्यात समोर न येणारी मुलगी रोज पाटी घेऊन गल्लीतून शाळेत जाणार कशी? पंडिता रमाबाईंनी हे ओळखले. अमेरिकेत फिरून त्यांनी पैसा उभा केला, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. त्या स्वतः ख्रिस्ती झालेल्या, पण सदनात मुलींना आपापले सोवळे-ओवळे पाळायची मुभा होती. १८९३ चे वादळ उठले ते कुठल्या धड्यावरून नव्हे. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली आत येऊन बसत. दार लावून घ्यायला त्या तयार नव्हत्या. रानडे-भांडारकरांसारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. शिक्षिकेचा धर्म दिवसाच्या शाळेत खपून जाई, मिशनच्या शाळांत तो खपतच होता. चोवीस तास एकत्र राहिल्यावर तिची प्रार्थना तिची एकटीची उरत नाही. पालकांची भीती निव्वळ कांगावा होती असे म्हणवत नाही, कारण काही मुलींचा ओढा त्या धर्माकडे खरोखरच होता. तरी रमाबाईंनी दार लावायला हवे होते, असेही मला वाटत नाही.

याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाली. त्यामुळे सदनावर काय ओढवले ते कर्व्यांनी जवळून पाहिले होते. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला, आणि फर्ग्युसनमधले तास आटोपून कर्वे चिखल तुडवत तिथे चालत जात. स्वतः विधवेशी लग्न केलेल्या या माणसाने पुनर्विवाहाचा प्रचार मात्र आश्रमापासून कटाक्षाने दूर ठेवला. याला कुणी भित्रेपणा म्हणते. मला तो हिशेब वाटतो: बापाने मुलगी रात्री ठेवायला दिली, तरच पुढचे सगळे. त्या विश्वासावर आनंदीबाईंच्या धाकट्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. १९०७ मध्ये विधवा नसलेल्या मुलींसाठीही महिला विद्यालय निघाले.

या हिशेबावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे. हिंगण्याच्या पंगतीत बहुतेक ब्राह्मण मुली होत्या. फुले दांपत्याच्या शाळांत पन्नास वर्षांपूर्वीच ज्या जातींच्या मुली शिकल्या, त्यांना इथे जवळजवळ जागा नव्हती. पंगत मोडली असती तर पालकांनी मुली पाठवल्या नसत्या, हे उत्तर खरे आहे. पण ते आत आलेल्या मुलींपुरतेच खरे आहे. दिवसाच्या वर्गात शेजारी बसणे एक वेळ चालून जाते, एका चुलीवरचे खाणे चालत नाही. ज्या सहवासाने विधवेला मोकळे केले, त्यानेच दार अरुंद केले. ते रुंद झाले केडगावला, रमाबाईंच्या नव्या आश्रमात. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, नाना जातींच्या. त्यांतल्या पुष्कळ ख्रिस्ती झाल्या, ही त्याची किंमत. मर्जी सांभाळावी असे पुणेरी पालक रमाबाईंकडे १८९३ नंतर फारसे उरलेच नव्हते.