घानाच्या नाना कोनाडू आणि विधवेचे घर

पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाच्या माजी प्रथम महिला नाना कोनाडू आग्येमान-रॉलिंग्ज यांचे २३ ऑक्टोबर २०२५ रोजी राजधानी अक्रा येथे निधन झाले. त्या ७६ वर्षांच्या होत्या. आपल्याकडे 'नाना' म्हटले की धोतर-टोपीतला गृहस्थ डोळ्यासमोर येतो. घानाच्या अकान समाजात मात्र ही आदराची उपाधी आहे आणि ती स्त्रीलाही लागते. नाना कोनाडू अशांती राजघराण्याशी नाते सांगणाऱ्या कुटुंबातल्या होत्या. अचिमोटा शाळेत जेरी रॉलिंग्ज त्यांचे सहाध्यायी होते. १९७७ साली त्यांनी या हवाई दलातल्या तरुण अधिकाऱ्याशी लग्न केले. दोनच वर्षांनी, ४ जून १९७९ रोजी, बंडखोर सैनिकांनी त्याला तुरुंगातून सोडवून सत्तेवर बसवले. त्याने काही महिन्यांतच निवडून आलेल्या सरकारकडे सत्ता सोपवली आणि ३१ डिसेंबर १९८१ रोजी तेच सरकार उलथून पुन्हा घेतली. ती जानेवारी २००१ पर्यंत त्याच्याकडे राहिली.

प्रथम महिला हे पद कोणत्या कायद्यात लिहिलेले आहे? कुठेच नाही. मत नाही, नेमणूक नाही, जाब नाही. तरीही या पदावरच्या बाईने एखादा शब्द टाकला तर मंत्री उठून उभे राहतात. नायजेरियाच्या अभ्यासक अमिना मामा यांनी आपल्या देशातील लष्करशहांच्या पत्नींच्या महिला-कार्यक्रमांवर कठोर टीका केली होती. स्त्रियांच्या नावाने चाललेली ती राजवटीचीच व्यवस्था होती, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. नाना कोनाडूंवरही हाच आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. १९८२ साली उभ्या राहिलेल्या '३१ डिसेंबर महिला चळवळी'च्या त्या अध्यक्ष होत्या. संघटनेचे नावच मुळी नवऱ्याच्या बंडाच्या तारखेचे! वीस लाख सभासद आणि आठशेहून अधिक बालवाड्या असल्याचा तिचा दावा होता. आकडा थोडा कमी धरला तरी गावोगाव बालवाड्या निघाल्या, कसावापासून गारी बनवणाऱ्या बायकांना यंत्रे मिळाली, हे विरोधकही मान्य करतात. पण या वटवृक्षाखाली इतर स्वतंत्र महिला संघटना वाढल्या नाहीत, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये याच रॉलिंग्जच्या सैनिकांनी अक्रातला माकोला बाजार जमीनदोस्त केला. महागाईचे खापर तिथल्या विक्रेत्या बायकांवर फोडले गेले. त्यांना भर रस्त्यात फटके मारण्यात आले. पुढे ३० जून १९८२ च्या रात्री उच्च न्यायालयाचे तीन न्यायाधीश आणि एक निवृत्त मेजर यांना घरातून उचलून नेऊन ठार करण्यात आले. त्यांपैकी सेसिलिया कोरांटेंग-अड्डो या अंगावर पाजणाऱ्या मुलाची आई होत्या. घानाचे वकील आजही हा दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळतात. आम्हीही वकिली करतो. त्यामुळे या राजवटीबद्दल चांगले लिहिताना आमचा हात थबकतो, हे वाचकांपासून लपवायचे कारण नाही.

तरीही लिहिले पाहिजे, ते १९८५ च्या वारसा कायद्यासाठी. घानात तो 'एकशे अकरा क्रमांकाचा कायदा' म्हणून ओळखला जातो. अकान समाजात वारसा आईच्या रक्ताने चालतो. ऐकायला हे स्त्रीच्या बाजूचे वाटते, पण व्यवहारात पुरुष मेला की त्याची मिळकत त्याच्या मातृकुळाकडे, बहुधा बहिणीच्या मुलाकडे जाई. बायको त्या कुळाची नव्हे, मुलेही नव्हेत. पंधरा-वीस वर्षे नवऱ्याबरोबर कोकोच्या बागेत राबलेली बाई अंत्यविधी उरकताच बागेबाहेर आणि घराबाहेर होई.

नव्या कायद्याने मृत्युपत्र न करता मेलेल्या माणसाच्या स्वकष्टार्जित मिळकतीपुरता हा क्रम उलटवला. एकच घर असेल तर ते विधवेचे आणि मुलांचे. घरातील सामानही त्यांचेच. हे सामान म्हणजे काय, हे कायद्याने मोघम ठेवले नाही: दागिने, कपडे, फर्निचर, फ्रिज, टीव्ही, स्वयंपाकघरातील वस्तू, शेतीची साधी अवजारे, पुस्तके, घरची जनावरे अशी यादीच दिली. उरलेल्या मिळकतीचे सोळा भाग केले तर तीन जोडीदाराला, नऊ मुलांना, दोन आईवडिलांना आणि फक्त दोन रूढीप्रमाणे कुळाला. सासरच्या माणसांनी तेराव्याच्या आत भांडी मोजून नेल्याची तक्रार घेऊन आलेली बाई ज्या वकिलाने समोर बसलेली पाहिली आहे, त्याला त्या यादीचे मोल सांगावे लागत नाही. भांडण नेहमी भांड्यांवरूनच सुरू होते. १९९१ च्या दुरुस्तीने तर वाटणीआधी विधवेला व मुलांना घराबाहेर काढणे हा गुन्हा ठरवला.

हे सगळे श्रेय नाना कोनाडूंचे आहे काय? नाही. मागणी जुनी होती, महिला वकिलांनी ती लावून धरली होती. परंतु कुळप्रमुखांचा रोष ओढवून घेणारा कायदा राज्यकर्त्यांच्या गळी उतरवायला आणि मग तो गावच्या बायकांना समजावून सांगायला कोणीतरी लागते. ते काम त्यांनी आणि त्यांच्या संघटनेने केले. कायदा संसदेने नव्हे, लष्करी मंडळाने काढला. निवडून आलेल्या सरकारांना जे जमले नव्हते ते हुकमाने झाले, ही गोष्ट आम्हाला आजही अस्वस्थ करते.

सत्ता गेल्यावर हिशेब सुरू झाला. न्सावम येथील सरकारी डबाबंद अन्नाच्या कारखान्याच्या खरेदीवरून त्यांच्यावर खटला भरला गेला. शिक्षा झाली नाही, पण बरीच वर्षे कोर्टाच्या फेऱ्यांत गेली. जुलै २०११ मध्ये त्यांनी नवऱ्यानेच स्थापन केलेल्या पक्षात अध्यक्ष मिल्स यांना उमेदवारीसाठी आव्हान दिले आणि जेमतेम तीन टक्के मते मिळवली. मग वेगळा पक्ष काढला. २०१२ साली त्यांचा उमेदवारी अर्जच बाद झाला. २०१६ मध्ये त्या अध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या, तेव्हा अर्धा टक्काही मते पडली नाहीत. त्याच निवडणुकीत त्यांची मुलगी झनेटोर मात्र आईने सोडलेल्या जुन्या पक्षाच्या तिकिटावर अक्रातून खासदार झाली.

ज्या लाखो बायका सभांना येत होत्या, त्या मतपेटीपाशी का आल्या नाहीत, याचे उत्तर त्या सभा कोणी भरवल्या होत्या यातच असावे. १९९२ च्या घानाच्या संविधानाच्या बाविसाव्या कलमाने मात्र पती-पत्नींच्या मिळकतीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा शक्य तितक्या लवकर करण्याची जबाबदारी संसदेवर टाकली होती. विधेयके आली आणि वर्षानुवर्षे पडून राहिली. तोवर तिथल्या कोर्टात विधवेचा वकील उठतो आणि १९८५ च्याच कायद्याचे पान उघडतो.