सव्वीस डावांचा सामना

बेसबॉल हा अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय खेळ होय. या खेळात प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. एका संघाचा खेळाडू चेंडू फेकतो व दुसऱ्या संघाचा फलंदाज तो टोलवितो. फलंदाज तीन ठाण्यांना क्रमाने स्पर्श करून मूळ ठाण्यावर परतला, की एक धाव होते. तीन गडी बाद होताच त्या संघाचा डाव संपतो. दोन्ही संघांचे नऊ नऊ डाव झाले, की सामना पुरा होतो. परंतु धावा समसमान असल्यास पुढे आणखी डाव खेळावे लागतात.

१ मे १९२० रोजी बोस्टन शहरी ब्रुकलिन व बोस्टन या व्यावसायिक संघांचा सामना झाला. ब्रुकलिनच्या बाजूने लिऑन कॅडोर व बोस्टनच्या बाजूने जो ओशगर चेंडू फेकीत होते. पाचव्या डावात ब्रुकलिनने एक धाव केली. सहाव्या डावात बोस्टनने तिची परतफेड केली. त्यानंतर कोणासही धाव मिळेना! नऊ डाव झाले, पंधरा झाले, वीसही झाले. दमलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा पाठविण्याची मुभा असूनही ते दोघेच अखेरपर्यंत चेंडू फेकीत राहिले. त्या काळी मैदानावर विजेचे दिवे नसत. सव्विसाव्या डावानंतर अंधार पडू लागला, तेव्हा पंचांनी खेळ थांबविला. सामना ३ तास ५० मिनिटे चालला होता आणि धावा होत्या एकास एक!

या सामन्याची हकीकत आज कळते, ती धावपत्रकामुळे. हेन्री चॅडविक या वार्ताहराने एकोणिसाव्या शतकात क्रिकेटच्या धावपत्रकावरून बेसबॉलचे धावपत्रक तयार केले. त्यातील आकडे नीट वाचले, तर ते बोलू लागतात. नेहमीच्या सामन्यात एका संघाचे २७ गडी बाद होतात. येथे प्रत्येक संघाचे ७८ बाद झाले. म्हणजे दोघांनीही एका दिवसात जवळजवळ तीन सामन्यांचे श्रम केले. कॅडोरच्या चेंडूंवर १५ यशस्वी टोले बसले, ओशगरच्या चेंडूंवर ९. धावा मात्र दोघांनीही एकेकच दिली. यावरून कॅडोरवर अधिक वेळा संकट आले व त्याने ते निभावून नेले, हे ध्यानात येते.

बोस्टनचा चार्ली पिक हा फलंदाज ११ वेळा खेळला. त्याच्या नावापुढे यशस्वी टोल्यांच्या रकान्यात शून्य आहे. हे शून्य अपयशाचे. ओशगर व कॅडोर यांच्या शेवटच्या वीस डावांपुढील शून्ये मात्र पराक्रमाची आहेत. तथापि तो पराक्रम त्यांचा एकट्यांचा नव्हे. सतराव्या डावात ब्रुकलिनचे गडी तिन्ही ठाण्यांवर उभे होते. त्यांपैकी एकास ओशगरने मूळ ठाण्याकडे चेंडू फेकून बाद करविले. पाठोपाठ धावून येणाऱ्या दुसऱ्यास हँक गाउडीने झेप घेऊन बाद केले. पत्रकात त्या डावाखाली बोस्टनच्या रक्षणाची ही सारी कथा एका शून्यात सामावली आहे.

केवळ निकाल पाहणारा म्हणेल, की त्या दिवशी कोणीच जिंकले नाही. धावपत्रक वाचणाऱ्यास मात्र कोणीही हरले नाही, हेही दिसते.